वसई : ओसरलेलें बंदर आणि टिकलेली वस्ती

धर्मग्रामाची ज्युबिली आली म्हणजे मागें वळून पाहावयाचें, देवाचे उपकार आठवावयाचे आणि पुढील वाटचालीसाठीं बळ मागावयाचें, अशी आपल्या ख्रिस्ती लोकांची जुनी चाल आहे. आपल्या खराडीची हकीकत सांगण्यास या पुस्तिकेंत पुष्कळ हात लागले असतील. आम्ही मात्र वाचकांस थोडें दूर, सह्याद्रीच्या पलीकडे, समुद्राच्या कांठीं नेणार आहों. कोणी म्हणेल, मुळा-मुठेच्या कांठीं राहणाऱ्या खराडीकरांस बंदरांशीं आणि गलबतांशीं काय करावयाचें आहे? आपली नदी तर अरबी समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेस वाहते. ती भीमेस मिळते, भीमा कृष्णेस मिळते, आणि तें सगळें पाणी अखेर बंगालच्या उपसागरांत जातें. वसईची खाडी त्या पाण्यानें कधीं पाहिली नाहीं.

हें खरें, तथापि पुणें शहरांतील कॅथलिक लोकांचा इतिहास उलगडीत गेलें म्हणजे त्याचे निदान तीन धागे वसईच्या बंदरापर्यंत पोहोंचतात. ते कोणते, तें पुढें यथाक्रम सांगूं. शिवाय वसई हें एक विलक्षण उदाहरण आहे. बंदर म्हणून तें वाढलें, वैभवास चढलें, तोफांच्या माऱ्यांत पडलें, ओस झालें, आणि तरीही त्याच नांवाचें नगर आज लाखों माणसांनीं गजबजलेलें आहे. तट पडले असतां वस्ती कशानें टिकली, हा प्रश्न आमच्या मतें ज्युबिली साजरी करणाऱ्या प्रत्येक धर्मग्रामानें स्वतःस विचारावा असा आहे. म्हणून ज्यांस या वर्षीं एखादी यात्रा करावयाची असेल, त्यांस आम्ही वसई सुचवितों. आणि तेथें गेल्यावर काय पाहावें व तें पाहतांना काय आठवावें, तें येथें मांडतों.

सोपाऱ्याचें जुनें बंदर

वसईचें बंदर एकाएकीं उपजलें नाहीं. तिच्या उत्तरेस थोड्याच अंतरावर नालासोपारा आहे. आज तें आगगाडीचें एक गर्दीचें स्थानक म्हणून लोकांस ठाऊक आहे. परंतु प्राचीन काळीं हेंच शूर्पारक होय. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं ग्रीक भाषेंत लिहिणाऱ्या एका दर्यावर्दी व्यापाऱ्यानें तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेविली. 'पेरिप्लस' या नांवानें प्रसिद्ध असलेल्या त्या ग्रंथांत सोपारा, कल्याण व चौल हीं तिन्ही नांवें आढळतात. सम्राट अशोकाच्या आज्ञालेखाचा एक तुकडा सोपाऱ्यास सांपडला. इ.स. १८८२ मध्यें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं, लोक ज्यास 'बुरुड राजाचा कोट' म्हणत, तें टेकाड उकरिलें, तेव्हां आंत बौद्ध स्तूप निघाला आणि त्याच्या पोटांत दगडी पेटी मिळाली. पुढें इ.स. १९५६ मध्यें वसई तालुक्यांतीलच भुईगांव येथें अशोकाच्या दुसऱ्या एका आज्ञालेखाचा तुकडा हातीं लागला. भुईगांवाचें हें नांव वाचकांनीं लक्षांत ठेवावें. तें पुन्हां येणार आहे.

पोर्तुगीज लोक या किनाऱ्यावर येण्यापूर्वीं दोनशें वर्षे शुभवर्तमान या बंदरांत उतरलें होतें. इ.स. १३२१ मध्यें टोलेंतिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे दिमित्रियस हे चार फ्रान्सिस्कन चीन देशाच्या वाटेवर असतां ठाणें येथें आले, आणि तेथेंच त्यांनीं श्रद्धेसाठीं प्राण दिले. त्यांचे सोबती डॉमिनिकन फादर जॉर्डानस यांनीं त्यांचे देहावशेष सोपाऱ्यास आणून पुरिले. पुढें ओदोरिक नांवाच्या दुसऱ्या एका फ्रान्सिस्कनानें ते अवशेष गलबतांतून चीनपर्यंत नेले. म्हणजे सोपाऱ्याच्या धक्क्यावरून केवळ कापड आणि धान्य जात नसे. बुद्धाचा उपदेशही तेथें आला आणि ख्रिस्ताचे साक्षीदारही. कालांतरानें सोपाऱ्याची खाडी गाळानें भरत गेली, मोठीं गलबतें आंत येईनाशीं झालीं, आणि व्यापार दक्षिणेकडे, उल्हास नदीच्या मुखाशीं असलेल्या वसईकडे सरकला.

दर्या दरवाजा आणि भुई दरवाजा

इ.स. १५३४ च्या डिसेंबर महिन्याच्या २३ व्या तारखेस गुजराथचा सुलतान बहादूरशहा यानें, मोगल बादशहा हुमायून याच्या भीतीनें अडचणींत येऊन, वसई व तिच्याकडील मुलूख पोर्तुगीजांस तोडून दिला. हा तह जमिनीवर झाला नाहीं. 'सान मातेउस' नांवाच्या जहाजावर झाला. त्या मुलुखांत साष्टी होती, आणि मुंबईचीं बेटेंही होतीं. इ.स. १६६१ मध्यें पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन इंग्लंडच्या दुसऱ्या चार्लस राजास देण्याचें ठरलें, तेव्हां मुंबई त्यास आंदणांत मिळाली, हें सर्वांस ठाऊक आहे. आज वसईस मुंबईचें उपनगर म्हणण्याची चाल पडली आहे; परंतु एके काळीं मुंबई हीच वसईच्या कारभाराखालचें एक लहानसें ठाणें होती.

इ.स. १५३६ च्या सुमारास पोर्तुगीजांनीं येथें किल्ला बांधावयास घेतला, आणि पुढें त्याचा विस्तार होऊन दहा बुरुजांचा तट उभा राहिला. उत्तर प्रांताचा सेनापति याच शहरीं राहत असे. किल्ल्यास दोन मुख्य वेशी होत्या. खाडीच्या बाजूस दर्या दरवाजा आणि जमिनीच्या बाजूस भुई दरवाजा. यात्रेकरूनें भुई दरवाज्यानें आंत शिरावें आणि झाडींतून जाणाऱ्या वाटेनें दर्या दरवाज्याकडे जावें. त्या एका फेरींत तीन शतकांचा इतिहास पायांखालून जातो. येशूसंघाच्या देवळाचा दर्शनी भाग अद्यापि उभा आहे; त्याचे कोरीव खांब पाहून त्या काळच्या पाथरवटांचा हात कसा होता तें कळतें. फ्रान्सिस्कनांच्या देवळांत जमिनीवर थडग्यांच्या शिळा आहेत, आणि त्यांवरील अक्षरें पावसानें झिजूं लागलीं आहेत. डॉमिनिकनांचें देऊळही येथेंच. संत जोसेफाचें मुख्य देऊळ इ.स. १५४६ च्या सुमारास बांधलें गेलें व इ.स. १६०१ मध्यें गोव्याचे महागुरुस्वामी आलेशु द मेनेझिश यांच्या वेळीं वाढविलें गेलें. त्याचा उंच मनोरा अजून आकाशांत ताठ उभा आहे.

हें वैभव कशावर पोसलें? तर समुद्रावर आणि त्याच्या पाठीमागच्या मुलुखावर. तुंगारेश्वराच्या बाजूच्या रानांतून सागवान येई आणि त्याचीं येथें जहाजें बांधिलीं जात. वसईचा घडीव दगड गलबतांत भरून गोव्यास जाई. जुन्या गोव्यांतील बोम जेझुस देवळाच्या बांधणींत वसईहून नेलेला काळा दगड वापरिला आहे. जे लोक बोम जेझुसास संत फ्रान्सिस झेविअर यांच्या दर्शनास जातात, ते नकळत आपल्या कोंकणच्या दगडासही नमस्कार करून येतात. संत फ्रान्सिस स्वतःही वसईस येऊन गेले होते. तांदूळ, साखर, लांकूड आणि दगड हा येथला माल. जून ते सप्टेंबरपर्यंत नैर्ऋत्येचा वारा समुद्र खवळून टाकी, तेव्हां गलबतें खाडीच्या आसऱ्यास नांगरून राहत. पाऊस सरला, वारा ईशान्येकडून वाहूं लागला, म्हणजे शिडें उभारून तांडेल व खलाशी दर्यावर निघत. या वाऱ्याच्या वेळापत्रकावर त्या शहराचे लग्नसराईपासून कर्जफेडीपर्यंतचे सर्व व्यवहार चालत असले तर नवल नाहीं.

वसईचा दर्यावर्दी संत

या बंदराचें सर्वांत थोर अपत्य म्हणजे संत गोन्सालो गार्सिया. हिंदुस्थानांत जन्मलेले ते पहिले संत होत. त्यांचा जन्म इ.स. १५५७ च्या सुमारास वसईस झाला. येशूसंघाच्या फादरांजवळ ते शिकले, आणि कोवळ्या वयांतच त्यांच्याबरोबर जहाजांतून जपानास गेले. तेथें ते जपानी भाषा उत्तम शिकले आणि धर्मशिक्षकाचें काम करूं लागले. पुढें कांहीं काळ त्यांनीं व्यापार केला. पूर्वेकडील बंदरांतून त्यांचीं गलबतें हिंडलीं व व्यापार चांगला चालला. परंतु मन त्यांत रमेना. तेव्हां मनिला येथें सर्व सोडून ते फ्रान्सिस्कन संघांत साधे बंधु म्हणून दाखल झाले.

इ.स. १५९३ मध्यें फादर पेद्रो बाप्तिस्ता यांस जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे वकील म्हणून पाठविलें, तेव्हां दुभाषी म्हणून गोन्सालो बरोबर गेले. जी भाषा त्यांनीं लहानपणीं बंदरोबंदरीं शिकून घेतली होती, तीच आतां देवाच्या कामीं आली. तीन वर्षांनीं वारें फिरलें. ख्रिस्ती लोकांची धरपकड झाली, भर हिवाळ्यांत त्यांस दूरच्या वाटेनें नागासाकी बंदराकडे चालवीत नेलें, आणि इ.स. १५९७ च्या फेब्रुवारीच्या ५ व्या तारखेस सव्वीस जणांस क्रुसांवर चढवून भाल्यांनीं ठार मारिलें. त्यांत आपल्या वसईचा हा पुत्र होता. इ.स. १६२७ मध्यें त्यांस धन्य म्हणून गौरविण्यांत आलें व इ.स. १८६२ मध्यें पोप नववे पायस यांनीं त्यांस संतपद दिलें. वसईस आजही त्यांचा सण भक्तीनें पाळतात, आणि गास येथील देऊळ त्यांच्याच नांवाचें आहे.

येथें नागासाकीविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. त्या बंदरांतील ख्रिस्ती लोक पुढें दोनशेंहून अधिक वर्षे धर्मगुरूंवांचून, गुप्तपणें, आपली श्रद्धा जपून राहिले आणि इ.स. १८६५ मध्यें पुन्हां उजेडांत आले. इ.स. १९४५ च्या ऑगस्टमध्यें अणुबाँबनें तें शहर भस्म केलें. तेथील उराकामीचें मोठें देऊळही जमीनदोस्त झालें. इ.स. १९५९ पर्यंत तें देऊळ पुन्हां बांधून झालें, आणि इ.स. १९६२ मध्यें, म्हणजे संतपदाच्या शंभराव्या वर्षीं, त्या सव्वीस जणांचें स्मारक तेथील टेकडीवर उभें राहिलें. एक संत ज्या बंदरांत जन्मला आणि ज्या बंदरांत मरण पावला, तीं दोन्ही बंदरें धुळीस मिळून पुन्हां उभीं राहिलीं. या योगायोगाचा विचार करावा तितका थोडाच.

इ.स. १७३९

वसईचा नाश कसा झाला, हें सांगतांना आपण ख्रिस्ती लोकांनीं सत्यास भिऊं नये. पोर्तुगीजांनीं येथें देवळें, शाळा व दवाखाने स्थापिले, तसाच जुलूमही केला. हिंदूंचीं देवालयें मोडलीं, त्यांच्या उत्सवांवर बंदी घातली, आणि न्यायापेक्षां जबरदस्तीवर पुष्कळदां भर दिला. ख्रिस्ताचें नांव घेऊन ख्रिस्ताच्या स्वभावाविरुद्ध वागलें म्हणजे काय फळ मिळतें, तें त्यांस मिळालें. रयत विटली, आणि सत्तेखालची जमीन पोखरली गेली. समुद्रावरचा जोरही ओसरला होता; इ.स. १६७४ मध्यें मस्कतच्या अरबांनीं येऊन वसईच्या आसपासचीं देवळें लुटलीं, तरी तटाआडच्या शिबंदीस त्यांस अडवितां आलें नाहीं. मुंबईचें खोल बंदर इंग्रजांच्या हातीं वाढत होतें, तेंही वसईच्या व्यापारास मारक झालें.

अशा वेळीं बाजीराव पेशव्यांचे बंधु चिमाजी अप्पा यांनीं वसईवर मोहीम केली. मोहिमेपूर्वीं त्यांनीं वज्रेश्वरीस नवस केला होता, आणि विजयानंतर तें देवालय बांधविलें, हें प्रसिद्धच आहे. इ.स. १७३९ च्या फेब्रुवारीपासून मेपर्यंत वेढा चालला. मराठ्यांनीं तटाखालीं सुरुंग पेरून ते उडविले, खिंडारें पाडिलीं, आणि त्या खिंडारांत दोन्ही पक्षांचीं पुष्कळ माणसें पडलीं. मे महिन्यांत शिबंदीनें शरणागतीचा तह मागितला. तो चिमाजी अप्पांनीं उदारपणें दिला. सैन्यास शस्त्रांसह व मानानें बाहेर पडूं दिलें. कुटुंबांस आपली चीजवस्त घेऊन जाण्यास मुदत दिली. आणि जे ख्रिस्ती लोक मागें राहूं इच्छितील त्यांस आपला धर्म पाळण्याची मोकळीक ठेविली. जिंकलेल्या शत्रूशीं असें वागणें त्या काळीं साऱ्या जगांत दुर्मिळ होतें, आणि वसईच्या ख्रिस्ती लोकांनीं तें कृतज्ञतेनें आठवावें, असें आम्हांस वाटतें. किल्ल्यांत आज चिमाजी अप्पांचें स्मारक आहे. यात्रेकरूनें देवळांच्या भिंती पाहाव्या आणि त्या स्मारकासही मान द्यावा. दोन्ही आपलाच इतिहास आहेत.

जे गेले आणि जे राहिले

तह झाल्यावर दर्या दरवाज्यानें उमराव, अधिकारी, श्रीमंत व्यापारी आणि धर्मसंघांतील मंडळी गलबतांत बसून निघून गेली. किल्ल्यांतील वाडे ओस पडले, देवळांचीं छपरें कोसळलीं, वेलींनीं भिंती धरिल्या. कोणासही वाटावें कीं वसईचा ख्रिस्ती समाज येथें संपला.

पण तटाबाहेर दुसरी वसई होती. तेथें बागायत करणारे सामवेदी होते, वाडवळ होते, किनाऱ्यावर कोळी होते. त्यांच्याजवळ वाडे नव्हते, म्हणून ते सोडून जाण्याचा प्रश्न नव्हता. त्यांची विहीर येथें, केळीची बाग येथें, होडी येथें, वाडवडिलांची माती येथें. राज्य बदललें, परंतु रहाट चालूच राहिला. पोर्तुगीज पाद्री गेले, तेव्हां मुख्यतः गोव्याकडील हिंदी धर्मगुरूंनीं या लोकांची सेवा पत्करिली. मिस्सा चालली, बाप्तिस्मे झाले, लग्नाचीं गाणीं आपल्याच बोलींत गाइलीं गेलीं. ज्यांनीं हें सर्व केलें, त्यांचीं नांवें कोठल्याही शिळेवर कोरलेलीं नाहींत. तरी किल्ल्यांतील शिळांवर ज्यांचीं नांवें आहेत त्यांच्यापेक्षां वसई राखली ती यांनींच. आमच्या सांगण्याचें सार हेंच आहे : बंदर धनिकांच्या जहाजांनीं उभें राहतें, परंतु वस्ती टिकते ती मागें राहणाऱ्यांच्या निष्ठेनें.

पुढील इतिहास थोडक्यांत असा. पेशव्यांच्या आरमाराचा एक सुभा वसईस होता. इ.स. १७८० मध्यें इंग्रज सेनापति गॉडर्ड यानें किल्ला घेतला व सालबाईच्या तहानंतर तो परत मराठ्यांकडे आला. इ.स. १८०२ च्या डिसेंबरच्या ३१ व्या तारखेस दुसऱ्या बाजीरावानें येथेंच इंग्रजांशीं तह केला, आणि मराठ्यांच्या स्वातंत्र्यास ग्रहण लागलें. इ.स. १८६४ मध्यें खाडीवरून आगगाडी मुंबईस गेली. त्यानंतर जो माल गलबतांतून जात असे तो डब्यांतून जाऊं लागला. बंदराची उरलीसुरली आवकजावक मंदावली, आणि दर्या दरवाज्यासमोर मासळीच्या होड्या तेवढ्या राहिल्या.

पुन्हां भरती

भरतीओहोटी हा समुद्राचा धर्मच आहे. तो वसईसही लागू पडला. ज्या आगगाडीनें बंदराचा व्यापार नेला, तिनेंच पुढें माणसें आणिलीं. बागाइतदारांचीं फुलें, पानें, भाजी व राजेळी केळीं वाळवून केलेलीं सुकेळीं मुंबईच्या बाजारांत जाऊं लागलीं. इ.स. २००९ मध्यें वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली. तिच्या हद्दींत इ.स. २०११ च्या खानेसुमारींत बारा लाखांहून अधिक लोक मोजले गेले. किल्ल्यालगतच्या पांचूबंदरीं आणि खाडीच्या कांठीं नायगांवास कोळी बांधवांच्या होड्या आजही लागतात. शिडाची जागा यंत्रानें घेतली आहे. परंतु वाऱ्याची नजर, पाण्याचा रंग आणि भरतीची वेळ ओळखण्याची विद्या तीच आहे. इ.स. २०२४ च्या फेब्रुवारींत वसई किल्ल्याच्या धक्क्यापासून खाडीपलीकडे भाईंदरपर्यंत माणसें व मोटारी नेणारी बोट सुरू झाली. रस्त्यानें जावयाचें तर चांगलाच लांबचा फेरा पडे. पण आतां तोच वळसा चुकवून लोक पाण्यावरून समोरच्या कांठास जातात. ज्या खाडीकडे लोकांनीं पाठ फिरविली होती, तिच्याकडे पुन्हां तोंड झालें, हें शुभचिन्हच मानावयाचें.

धर्मकार्यांतही भरती आली. इ.स. १९९८ मध्यें वसईस स्वतंत्र धर्मप्रांत झाला. मराठी भाषेच्या सेवेंत वसईनें जें दिलें, त्याचा तर साऱ्या महाराष्ट्रास अभिमान वाटावा. 'सुवार्ता' मासिकाचे अनेक वर्षांचे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांस इ.स. २०२० मध्यें उस्मानाबाद येथील त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मिळालें. ते इ.स. २०२४ मध्यें देवाघरीं गेले. त्यांनीं केवळ लेखणी चालविली नाहीं. वसईच्या विहिरींतील पाण्याचा बेसुमार उपसा, हिरव्या पट्ट्यावरील आक्रमण आणि बेकायदा बांधकामें यांविरुद्ध लोकांस जागें करण्यासाठीं ते 'हरित वसई' चळवळींत पुढें उभे राहिले. कारण शहर वाढणें आणि शहर जगणें या दोन गोष्टी एक नव्हेत. विहिरी खाऱ्या झाल्या आणि बागा तोडल्या, तर इ.स. १७३९ मध्यें जें झालें नाहीं तें आपल्या हातून होईल. जी वसई तटाबाहेर वांचली, तीच बुडेल. ही लढाई अजून संपलेली नाहीं.

तीन धागे

आतां आरंभीं सांगितलेल्या तीन धाग्यांकडे वळूं.

पहिला धागा घंटेचा. वसईच्या मोहिमेंतून मराठे सरदारांनीं देवळांच्या मोठ्या घंटा आणून ठिकठिकाणच्या देवालयांत बांधिल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळांत एक आहे, वांईजवळ मेणवलीस एक आहे, आणि आपल्या पुणें जिल्ह्यांत भीमाशंकर येथें एक आहे. भीमाशंकर म्हणजे भीमेचा उगम. आपल्या खराडीजवळून वाहणारी मुळा-मुठा ज्या भीमेस जाऊन मिळते, तिच्या उगमापाशीं वसईच्या देवळाची घंटा टांगलेली आहे. जी एके काळीं मिस्सेस बोलावीत होती, ती आज शिवभक्तांस बोलाविते. त्यांत कोणास खंत वाटण्याचें कारण नाहीं. घंटेनें आपलें काम सोडलें नाहीं. ती अजूनही माणसांस प्रार्थनेकडेच बोलावीत आहे.

दुसरा धागा जमिनीचा. पेशव्यांच्या सैन्यांत पोर्तुगीज व गोंवेकर ख्रिस्ती शिपाई होते. त्यांस पुण्यांत उपासनेसाठीं जागा नव्हती. दों मिगेल द नोरोन्या या अधिकाऱ्याच्या विनंतीवरून सवाई माधवराव पेशव्यांनीं नाना पेठेंत देवळासाठीं जमीन दिली आणि इ.स. १७९२ मध्यें तेथें लहानसें देऊळ झालें. तेंच आजचें क्वार्टर गेटजवळील सिटी चर्च. ज्या घराण्यानें वसई जिंकली, त्याच घराण्यानें त्रेपन्न वर्षांनीं पुण्याच्या कॅथलिकांस पहिली जागा दिली. पुणें धर्मप्रांत इ.स. १८८६ मध्यें स्थापन झाला, त्याच्याही आधींची ही गोष्ट. आज शहरांत जेथें जेथें आपण मिस्सेस जातों, तेथें तेथें त्या दानाची सावली आहे.

तिसरा धागा मेंढपाळाचा. ज्या भुईगांवाचें नांव आम्हीं लक्षांत ठेवावयास सांगितलें, त्याच गांवीं इ.स. १९४५ मध्यें बिशप थॉमस डाबरे यांचा जन्म झाला. संत तुकारामांचा त्यांनीं सखोल अभ्यास करून त्यावर प्रबंध लिहिला. ते वसईचे पहिले बिशप झाले; आणि इ.स. २००९ मध्यें ते पुण्याचे बिशप म्हणून आले व इ.स. २०२३ पर्यंत त्यांनीं या धर्मप्रांताची धुरा वाहिली. जेथें अशोकाचा लेख सांपडला त्या गांवचा पुत्र, देहूच्या संताचा अभ्यासक, पुण्याचा मेंढपाळ होतो : वसईच्या मातींत किती थर एकावर एक बसले आहेत, याचें याहून चांगलें उदाहरण कोणतें?

खराडीकरांस दोन शब्द

आपली खराडी हें कालपरवांपर्यंत नगर रस्त्यालगतचें नदीकांठचें एक खेडें होतें. आज तेथें कांचेच्या उंच इमारती उभ्या आहेत आणि त्यांतील कचेऱ्यांत रात्रंदिवस चालणारें काम तारांवरून सातां समुद्रांपलीकडे जातें. एका अर्थीं खराडी हेंही आतां बंदरच झालें आहे. नगर जिल्ह्यांतील मिशनगांवांतून, वसईहून, गोव्याहून, दक्षिणेकडून माणसें येथें येऊन लागतात, कांहीं वर्षे नांगर टाकतात, आणि पुष्कळजण वारा फिरतांच पुढें निघून जातात. बंदराचा तो स्वभावच आहे. त्यास दोष देऊं नये. परंतु धर्मग्राम तेवढ्यावर उभा राहत नाहीं. ज्या घरांनीं येथें विहिरीसारखें खोल जावयाचें ठरविलें, शेजाऱ्याच्या दुखण्यास धांवून गेले, मुलांस प्रार्थना मराठींत शिकविली, जुन्या गांवकऱ्यांशीं सलोखा राखिला, त्यांच्यावर तो उभा असतो. वसईनें आपणांस हेंच शिकवावें.

यात्रेस जाणाऱ्यांनीं थंडीचे दिवस निवडावे. प्रथम सोपाऱ्याचा स्तूप पाहावा, मग किल्ला. इ.स. १९०९ पासून किल्ला सरकारी संरक्षणाखालीं आहे. त्याच्या भिंतींवर नांवें खरडूं नयेत, कचरा टाकूं नये, पडक्या देवळांत दोन मिनिटें स्तब्ध उभें राहावें. नंतर तटाबाहेर यावें. एखाद्या वाडींत, एखाद्या कोळीवाड्यांत, तेथील माणसांशीं बोलावें, कारण वसईचा खरा किल्ला तोच. शेवटीं धक्क्यावरून बोटीनें खाडी ओलांडावी आणि मागें वळून पाहावें. संत जोसेफाचा मनोरा, झाडांचे शेंडे आणि त्यांच्या पायथ्याशीं मासळीच्या होड्या एका दृष्टींत येतील.

ज्या प्रभूनें समुद्राच्या कांठीं आपले पहिले शिष्य होड्यांतून बोलाविले, त्यानें आपल्या या नदीकांठच्या धर्मग्रामासही ज्युबिलीच्या वर्षीं तीच निष्ठा द्यावी. जाणाऱ्यांस सुखरूप प्रवास आणि राहणाऱ्यांस धीर द्यावा, हीच आमची प्रार्थना.